शिडांच्या आरमारातील शस्त्रक्रिया

युद्धनौका वाऱ्यावर चालत होत्या त्या काळात, म्हणजे साधारण सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, ऐन लढाईत जहाजाच्या पोटात केली जाणारी शस्त्रक्रिया. ब्रिटिश आरमारातील सर्जन रोजनिशी ठेवत, त्यामुळे तिथली माहिती बरीच तपशीलवार मिळते.

तोफगोळा अंगावर आला तर माणूस बहुधा जागीच जाई. सर्जनकडे येणाऱ्यांत ढलप्यांनी फाटलेले पुष्कळ असत. गोळा जहाजाच्या ओक लाकडात घुसला की आतल्या बाजूने धारदार ढलप्या उडत आणि तोफेभोवतीच्या माणसांना झोडपून काढत. बंदुकीच्या गोळ्या आणि दारूचे भाजणे वेगळेच. ढलपी असो वा गोळी, ती अंगावरच्या कापडाच्या चिंध्या जखमेत ओढून नेई. मग पू, कोथ, धनुर्वात. ट्रॅफल्गरच्या लढाईत (२१ ऑक्टोबर १८०५) ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याच्या डाव्या खांद्यातून शिरून कण्यात रुतलेली गोळी सर्जन विल्यम बीटी याने मरणोत्तर काढली, तेव्हा तिला गणवेशाच्या खांद्यावरच्या झालरीची सोनेरी कलाबतू चिकटलेली होती. ती गोळी आज विंडसरच्या किल्ल्यात आहे.

जखमींना पाण्याच्या पातळीखालच्या ऑर्लॉप डेकवर नेत. तिथे गोळे सहसा पोचत नसत. पण उजेडही पोचत नसे. कंदिलाच्या प्रकाशात, डोक्याला लागेल इतक्या ठेंगण्या छताखाली, तोफांच्या हादऱ्यांत काम चाले. हुद्दा न पाहता आधी आलेल्याला आधी पाहायचे, अशी रीत होती. नाईलच्या लढाईत (१७९८) कपाळ फाटलेल्या नेल्सननेही आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरल्याचे सांगतात.

हाड चुरलेला हात किंवा पाय कापणे, ही इथली मुख्य शस्त्रक्रिया. फ्रेंच शल्यविशारद पेती याचा स्क्रूचा टूर्निकेट (रक्त अडवणारा पट्टा) आवळून रक्त थांबवायचे, सुरीने मांस कापायचे, करवतीने हाड, मग धमन्या रेशमी धाग्याने बांधायच्या. भूल देणे १८४६ नंतरचे. अशा सर्जनांना कसाई म्हणण्याची सवय आजही आहे, ती अन्यायाची आहे. घाई क्रौर्यापोटी नव्हती: वेदना आणि रक्तस्राव दोन्ही मिनिटांवर मोजले जात, आणि हात-पाय लवकर कापला तर माणूस वाचण्याची शक्यता अधिक, असे बहुतेकांचे अनुभवाने बनलेले मत होते. धागा बांधण्यातही चूक होई. १७९७ साली तेनेरीफ या अटलांटिकमधल्या बेटावरच्या हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात कापताना एका धाग्यात मज्जातंतूही अडकला असे मानतात. तो धागा गळून पडेपर्यंत कित्येक महिने त्याला कळा येत होत्या.

त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला, डच आरमाराविरुद्धच्या कॅम्परडाउनच्या लढाईत, ‘आर्डंट’ जहाजावर रॉबर्ट यंग हा एकटा सर्जन होता. हाताखाली मदतनीस नाही, आणि नव्वद जखमी खाली आणलेले. दुपारी एकच्या सुमारास सुरू झालेले काम पहाटे चारपर्यंत चालले. रक्तवाहिन्या बांधून होण्याआधी आपणच कोसळू की काय, या भीतीने काही शस्त्रक्रिया सुरू केल्या, असे त्याने लिहिले आहे. एका खलाशाची मांडी कमरेलगत उडालेली. टूर्निकेट लावायला जागाच नव्हती. तो सुमारे दोन तास शुद्धीवर राहून यंगला हाका मारत होता. जखमेवर पट्टी ठेवणे आणि प्यायला देणे, याहून अधिक काही करता आले नाही, ही यंगचीच नोंद.

केवळ शिडांच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई नॅव्हरिनोची (२० ऑक्टोबर १८२७). तिच्यातील ब्रिटिश ध्वजनौका ‘एशिया’ मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली होती. तिच्या पोटातही जखमींची सोय अशीच होती.

लढाईतून वाचलेल्यांना पुढे हॅस्लरसारख्या आरमारी रुग्णालयात पाठवत. अपंग झालेल्यांना ‘चॅटम चेस्ट’ (चॅटमची पेटी) या निधीतून पैसे मिळत. खलाशांच्याच पगारातून कापून ते साठवलेले असत. ती लोखंडी पेटी ग्रिनिचच्या संग्रहालयात जपलेली आहे.