ग्रूनेवाल्ड स्टेशन: तोफांच्या रेल्वेपासून सतराव्या रुळापर्यंत

बर्लिनच्या पश्चिमेला, शहर संपून जंगल सुरू होते त्या कडेवर ग्रूनेवाल्ड स्टेशन आहे. पॉट्सडाम ते आरेन्सफेल्डे धावणारी एस-७ ही लोकल इथे थांबते. पूर्वेच्या दाराने बाहेर पडले की झाडांत दडलेले बंगले लागतात, पश्चिमेच्या दाराने गेले की जंगल. परदेशातून येणारे बहुतेक लोक मात्र तिसरीकडेच वळतात, 'ग्लाइस १७' म्हणजे सतरा नंबरच्या रुळाकडे. नाझी काळात बर्लिनच्या ज्यूंना इथून गाड्यांत भरून मरणाच्या वाटेवर पाठवले, त्याचे हे स्मारक. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एवढ्या शांत, श्रीमंत उपनगरात हे घडले कसे, असा प्रश्न पडतो तेव्हा स्टेशनचा नकाशा उघडून बसावे. बरेचसे उत्तर तिथे सापडते.

या स्टेशनचा जन्म प्रवाशांच्या सोयीसाठी झालेला नाही. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवले, लोरेन प्रांताचा काही भाग आणि मेट्झचा किल्ला जर्मनीच्या ताब्यात आला. पुढचे युद्ध झालेच तर बर्लिनहून फौजा आणि तोफा थेट मेट्झपर्यंत नेता याव्यात म्हणून सुमारे ८०० किलोमीटरचा मार्ग आखला गेला. वाटेतली मोठी शहरे त्याने बऱ्याच ठिकाणी सरळ टाळली. व्यापाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच मामला. लोक त्याला 'कानोनेनबान' म्हणजे तोफांची रेल्वे म्हणत. या मार्गाचा बर्लिनकडचा तुकडा १८७९मध्ये सुरू झाला आणि १ ऑगस्ट १८७९ रोजी जंगलात एक छोटे स्टेशन उघडले. जवळच्या तळ्यावरून त्याचे नाव ठेवले हुंडेकेले. १८८४मध्ये ते बदलून ग्रूनेवाल्ड झाले.

तोफा राहिल्या बाजूला, गर्दी झाली ती रविवारच्या सहलींची. १८८२मध्ये बर्लिनच्या मधोमध, विटांच्या कमानींवरून जाणारी श्टाटबान सुरू झाली आणि भर वस्तीतल्या चाळींमध्ये राहणाऱ्या माणसालाही डबा बांधून जंगलात जाणे परवडू लागले. दुसरीकडे बिस्मार्कच्या डोक्यात पॅरिसच्या तोडीचा रस्ता बर्लिनमध्ये करण्याचे खूळ होते. तो रस्ता, कुरफ्युर्स्टेनडाम, बांधून देणाऱ्या कंपनीला मोबदला म्हणून ग्रूनेवाल्डच्या जंगलातली २३४ हेक्टर जमीन मिळाली. १८८९पासून तिथे बंगल्यांची वसाहत उभी राहू लागली. दलदलीच्या जागा खोदून तळी केली, त्यांना डायानाझे, हेर्थाझे अशी पुराणातली नावे दिली आणि तळ्याकाठचे भूखंड विकले. रस्ता सरकारला, जंगल बिल्डरला! हा हिशेब मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे या वसाहतीत बँकवाले, प्रकाशक, प्राध्यापक राहायला आले. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक इथले रहिवासी, प्रकाशक सामुएल फिशरही इथलेच. विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांचे बालपण काही काळ याच भागात गेले. रहिवाशांमध्ये ज्यू कुटुंबे बरीच होती. जर्मनीचे ज्यू परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ याच वसाहतीतल्या घरून मोटारीने कचेरीत जायला निघाले असताना २४ जून १९२२ रोजी, घरापासून थोड्याच अंतरावर, उजव्या कडव्या गटाच्या तरुणांनी त्यांना गोळ्या घातल्या.

अशा वस्तीला साधे स्टेशन कसे चालेल? १८९९मध्ये पूर्वेकडे कार्ल कॉर्नेलियुस यांच्या आराखड्याप्रमाणे नवी इमारत उभी राहिली. किल्ल्याच्या दरवाजासारखी तिची ठेवण आहे. तिच्यातून आत शिरले की रुळांखालून जाणारा सबवे लागतो. रूळ आणि फलाट वरच्या अंगाला भरावावर आहेत, त्यामुळे फलाटावर जायचे तर सबवेतून जिना चढायचा. न चढता सरळ चालत राहिले तर पलीकडे जंगलाच्या बाजूला निघता येते. तिथे १९२१पासून आवुस हा सरळसोट मोटाररस्ता रुळांना खेटून जातो. आधी तो शर्यतींसाठी होता, आता महामार्गाचा भाग आहे.

हे झाले प्रवाशाला दिसणारे स्टेशन. लोकलच्या फलाटाशेजारून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ जातात, त्या गाड्या इथे थांबत नाहीत. आणि त्याही बाजूला पसरलेला होता माल आणि डब्यांचा यार्ड. साइडिंगचे रूळ, डबे उभे करायच्या जागा, मालधक्का आणि खालच्या रस्त्यावरून थेट रुळांच्या पातळीपर्यंत चढणारा गाडीरस्ता. कोळसा आणि घरबांधणीचे सामान उतरवायला असा चढ लागतोच. मुख्य दारातून आत गेलेल्या सहलकऱ्याला हा भाग बघायचे कारण पडत नसे. मालाचा रस्ता वेगळा आणि माणसांचा वेगळा, ही त्या काळच्या कुठल्याही स्टेशनची सरधोपट मांडणी.

११ जून १९२८ रोजी श्टाटबानवरून पॉट्सडामपर्यंत विजेची लोकल सुरू झाली. रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून सुमारे ८०० व्होल्टची वीज घेणारी ही एस-बान. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली होती. याच सुमाराला ग्रूनेवाल्डपासून काही किलोमीटरवर, डालेममध्ये, एक मराठी विद्यार्थिनी कवट्या मोजत होती. इरावती कर्वे यांचे मानववंशशास्त्रातले संशोधन तिथल्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली चालू होते. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता आणि वंश यांचा संबंध काही त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही. फिशर मात्र १९३३मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. पुढच्या वर्षांत जे झाले त्याला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत ही संस्था आघाडीवर होती.

१८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ज्यूंची पहिली गाडी ग्रूनेवाल्डहून सुटली. आधी लोकांना मोआबिट भागातल्या लेवेट्झोश्ट्रासेवरच्या प्रार्थनागृहात गोळा केले होते. तिथून अनेकांना पोलिसांच्या पहाऱ्यात शहरातून पायी चालवत आणले. गुपचूप, रात्रीच्या अंधारात वगैरे नव्हे. हजाराहून अधिक माणसे त्या गाडीत होती आणि गाडी गेली पोलंडमधल्या वूच इथल्या घेट्टोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीकडे. वूचचे नाव जर्मनांनी लिट्झमनश्टाट केले होते. सुरुवातीच्या गाड्यांना साधे तिसऱ्या वर्गाचे प्रवासी डबे होते. गुरांचे वाघिणीसारखे डबे डोळ्यांसमोर येतात, ते सर्रास वापरात आले नंतर.

नोव्हेंबरातली लिथुआनियातल्या कौनासला गेलेली गाडी आणि महिनाअखेरीस लाटव्हियातल्या रीगाला पोचलेली गाडी, या दोन्हींतल्या माणसांना कुठल्या घेट्टोत ठेवलेच नाही. पोचल्यावर थोड्याच काळात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे आउशविट्झची मृत्युछावणी आणि आजच्या चेक प्रदेशातले थेरेसिएनश्टाटचे घेट्टो ही ठिकाणे आली.

रेल्वेने हे काम नेहमीच्या पद्धतीने केले. विशेष गाडीचा क्रमांक, वेळापत्रक, इंजिन, कर्मचारी, सगळे रीतसर. भाडेही लावले: तिसऱ्या वर्गाचा दर, माणशी किलोमीटरला चार फेनिग (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा हिस्सा). दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मे, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेपेक्षा जास्त माणसे असतील तर सवलतीचा दर. सहलीच्या गटांना मिळे तशीच ही सवलत. मला वाटते, ग्रूनेवाल्डबद्दल एकच कागद वाचायचा तर तो हा दरपत्रकाचा.

सगळ्या गाड्या इथूनच सुटल्या असे मात्र नाही. मोआबिटच्या मालधक्क्यावरूनही पुष्कळ गेल्या आणि थेरेसिएनश्टाटला जाणारे छोटे गट आनहाल्टर बानहोफ या मोठ्या स्टेशनवरून, नेहमीच्या गाडीला जोडलेल्या डब्यांतून नेले जात. बर्लिनहून अशा रीतीने ५०,०००हून जास्त ज्यूंना नेले गेले.

युद्धानंतर शहराची फाळणी झाली आणि एक विचित्र व्यवस्था उरली: पश्चिम बर्लिनमधली एस-बानसुद्धा पूर्व जर्मनीची सरकारी रेल्वे, राइश्सबानच, चालवे. १९६१मध्ये भिंत उभी राहिल्यावर पश्चिम बर्लिनकरांनी या लोकलवर बहिष्कारच टाकला. 'तिकिटाचा पैसा भिंतीला' असा राग होता. गाड्या रिकाम्या धावू लागल्या, स्टेशने मोडकळीला आली. जानेवारी १९८४मध्ये पश्चिमेच्या वाहतूक संस्थेने, बीव्हीजीने, कारभार हाती घेतला तेव्हा गाडी ग्रूनेवाल्डच्या अलीकडे, शार्लोटेनबुर्गलाच थांबे. ग्रूनेवाल्डमार्गे वानझेपर्यंतची सेवा १ मे १९८४ला सुरू झाली.

आठवण जपण्याचे काम आधी केले ते नागरिकांनी. रेल्वे त्या मानाने फार उशिरा आली. १९८७मध्ये इथल्या इव्हांजेलिकल (प्रोटेस्टंट) चर्चमंडळीतल्या स्त्रियांच्या एका गटाने लाकडी स्लीपर उभारून स्मृतिचिन्ह केले. १९९१मध्ये पोलिश शिल्पकार कारोल ब्रोनियातोव्स्की यांची काँक्रीटची भिंत आली. यार्डाकडे चढणाऱ्या त्या जुन्या रस्त्याच्या कडेला ती आहे आणि तिच्यात माणसांच्या आकृत्या पोकळ कोरल्या आहेत. १९९४मध्ये पूर्व आणि पश्चिमेच्या रेल्वे एक होऊन डॉइच बान झाली. मग तिने स्वतःच्या खर्चाने हिर्श, लोर्ख आणि वांडेल या वास्तुविशारदांकडून सतराव्या रुळाचे स्मारक करून घेतले. २७ जानेवारी १९९८ रोजी ते खुले झाले.

रुळाच्या दोन्ही बाजूंना ओतीव पोलादाच्या १८६ जाळीदार लाद्या बसवल्या आहेत, एकेका गाडीसाठी एक. लादीच्या कडेला तारीख, माणसांची संख्या आणि 'बर्लिन ते अमुक' एवढेच. इथून न सुटलेल्या गाड्याही त्यांत आहेत. संख्या वाचत गेले की एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवातीचे आकडे हजाराच्या घरातले आहेत, शेवटाकडे ते पार खाली येतात. २७ मार्च १९४५च्या शेवटच्या लादीवर १८ माणसे आहेत, मुक्काम थेरेसिएनश्टाट. त्या वेळी रशियन फौज ओडर नदीवर, बर्लिनपासून शंभर किलोमीटरच्या आत येऊन ठेपली होती आणि रेल्वेला दारूगोळा न्यायलाही डबे पुरत नव्हते.

रुळांमध्ये उगवलेली झाडे मुद्दाम काढलेली नाहीत. या रुळावरून पुन्हा गाडी जाणार नाही, हे त्यातून कायमचे ठरवून टाकले आहे. बाकीचे स्टेशन चालू आहे. एस-बानच्या गाड्यांचे कारशेड जवळच आहे, एम-१९ बस पूर्वेच्या दारासमोरून कुरफ्युर्स्टेनडामकडे जाते, आणि सुटीच्या दिवशी सबवेतून जंगलाकडे सायकलवाल्यांची रांग लागते. स्मारकाला जायचे असेल तर इमारतीतून बाहेर यायचे आणि शेजारचा तो मालाचा चढ धरायचा.