ट्रॉलीचे वायरिंग (जुन्या ट्रॅक्टरवरून)

ट्रॅक्टरच्या बॅटरीतून ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांपर्यंत वीज नेणारी जोडणी. मागचे लाल दिवे, ब्रेकलाइट, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरचा दिवा हे सगळे तिच्यावर चालतात. नव्या ट्रॅक्टरला मागे सात पिनांचे सॉकेट बहुधा कंपनीतूनच बसून येते. विदर्भातल्या गावांत मात्र जुने ट्रॅक्टर अजून रोजच्या कामात आहेत, आणि त्यांना ही सोय नंतर करून घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमारास कापूस जिनिंगकडे आणि सोयाबीन बाजार समितीकडे निघते, पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धान निघते. यातली बरीचशी वाहतूक सांज पडल्यावर किंवा भल्या पहाटे होते. बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेले नसते.

बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असते. दिव्यापर्यंत आलेल्या विजेला बॅटरीकडे परतायलाही वाट लागते. अनेक ठिकाणी ही वाट ट्रॉलीच्या लोखंडावर आणि हुकाच्या पिनेवर सोडून दिलेली असते. पिनेला ग्रीस असते, गंज असतो, पांदणीतून आल्यावर काळ्या मातीचा थर असतो. खड्ड्यात पिन उसळली की संपर्क तुटतो. मग परतीची वीज दुसऱ्या दिव्यांमधून वाट शोधते. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात, इंडिकेटर लावला की लाल दिवाही त्याच्याबरोबर उघडझाप करतो. अशा वेळी कास्तकार बल्ब बदलत राहतो आणि बल्ब तर चांगलाच असतो. सॉकेटच्या अर्थ पिनेपासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत (लोखंडी सांगाड्यापर्यंत), आणि प्लगपासून ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढली की हे दुखणे जाते. चासीवर थिंबल (वायरीच्या टोकाला लावायचे धातूचे कडे) बसवण्याआधी रंग खरवडून लोखंड उघडे करावे.

12 व्होल्टच्या सात पिनी सॉकेटचा आंतरराष्ट्रीय क्रम ठरलेला आहे: 1 वर डावा इंडिकेटर (पिवळी वायर), 2 वर धुक्याचा दिवा (निळी), 3 वर अर्थ (पांढरी), 4 वर उजवा इंडिकेटर (हिरवी), 5 वर उजवा लाल दिवा (तपकिरी), 6 वर ब्रेकलाइट (तांबडी) आणि 7 वर डावा लाल दिवा (काळी). तालुक्याच्या दुकानात याच रंगांची वायर मिळेलच असे नाही. रंग चुकला तरी चालेल, पिनेचा आकडा चुकता कामा नये. गावात ट्रॉली उसनी नेतात, भाड्याने देतात, सावडीत (एकमेकांच्या कामाला मदत करण्याच्या रीतीत) एकाची दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागते. प्रत्येक मिस्त्रीने आपापला क्रम लावला तर डावीकडे वळणाऱ्याचा उजवा दिवा लागेल.

वायर निवडताना घरगुती फिटिंगची एकतारी वायर घेऊ नये. इंजिनच्या थरथरीने ती आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. बहुतारी वायर घ्यावी, दिव्यांसाठी 1.5 आणि अर्थसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची. बारीक वायरीचा तोटा साध्या हिशोबाने कळतो. दोन ब्रेकलाइटचे 21-21 वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. 0.5 चौरस मिलिमीटरच्या सहा मीटर वायरीवर जाता-येता मिळून जवळपास दीड व्होल्ट खर्च होतो. बल्बला साडेदहा व्होल्टच मिळाले की उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

जुन्या ट्रॅक्टरवर कनेक्शन काढताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) ट्रॅक्टरवर इंजिन मंद असताना चार्जिंग जवळपास नसतेच, सगळा भार बॅटरीवर येतो. जुन्या लाइट स्विचला ट्रॉलीचा जादा भार झेपेलच असे नाही. म्हणून बॅटरीवरून फ्यूज लावून रिलेमार्फत (थोड्या विजेवर चालून मोठा भार जोडणाऱ्या स्विचमार्फत) वीज द्यावी आणि स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे काम ठेवावे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही. एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) मात्र उलटे जोडले तर चालत नाहीत, जळूही शकतात. एलईडी लावले तर भार पुष्कळ कमी होतो, पण जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालणारा असल्यामुळे तोही बदलावा लागतो.

ब्रेकलाइटचा स्विच हमखास दुर्लक्षित राहतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात धुऱ्याशी वळताना एकच दाबता यावे म्हणून. जुन्या ट्रॅक्टरवर स्विच बहुधा एकाच पेडलला बांधलेला असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडली नाहीत तर दुसरे पेडल दाबल्यावर मागे दिवा लागत नाही, आणि भरलेली ट्रॉली एका बाजूला ओढली जाते ते वेगळेच.

दिवे फाळक्यावर (ट्रॉलीच्या मागच्या काढत्या-घालत्या झडपेवर) बसवू नयेत. माल उतरवताना फाळका काढून खाली आपटला जातो, त्यात दिवाही फुटतो आणि वायरही तुटते. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही कोपऱ्यांना ते सुरक्षित राहतात. हुकापाशी केबलला वळणापुरता झोळ ठेवावा, पण तो पीटीओ शाफ्टपर्यंत (अवजारांना इंजिनची शक्ती देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत) लोंबू देऊ नये. कापूस किंवा कुटार (मळणीनंतरचा भुसा) बाहेर फुगवून भरले की ताडपत्रीची टोके दिव्यांवर येतात. निघण्यापूर्वी मागे जाऊन ती खोचून घ्यावीत.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 122 नुसार धोकादायक रीतीने वाहन रस्त्यावर उभे करून ठेवणे हा गुन्हा आहे. तरीही जिनिंगबाहेरच्या रात्रीच्या रांगेत बॅटरी उतरेल या भीतीने दिवे बंद केले जातात. 5-5 वॅटचे दोन लाल दिवे आणि नंबरप्लेटचा एक मिळून सव्वा अँपिअर घेतात, म्हणजे दहा तासांत साडेबारा अँपिअर-तास. चांगल्या स्थितीतली ट्रॅक्टरची बॅटरी एवढे सहज सोसते. बॅटरी जुनी झाली असेल तर लाल दिवे तेवढे एलईडीचे करावेत, आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही कोपऱ्यांना कायमचे लावलेले असावेत.