जिवाणू खत किंवा गांडूळखत विकायचंय? परवान्याची वाट अशी आहे

स्वतःच्या शेतापुरतं जीवामृत, कंपोस्ट किंवा गांडूळखत करायला कुणाची परवानगी लागत नाही. पिशवीवर नाव छापून ती दुसऱ्याला विकायची ठरली की कागदपत्रं सुरू होतात. बचत गट असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की नुकताच कृषी पदवीधर झालेला तरुण, पहिला प्रश्न ठरलेला: फॉर्म कुठे मिळेल? त्याआधी एक गोष्ट नक्की करा. आपला माल कोणत्या कायद्यात बसतो?

रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी, ही झाली जिवाणू खतं. ती खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात. दुकानदार आणि अधिकारी दोघंही त्याला एफसीओच म्हणतात. जिवाणू आणि सेंद्रिय खतं या आदेशात २००६ साली आली, त्यामुळे गांडूळखतही त्यातच. ट्रायकोडर्मा, ब्युव्हेरिया, मेटारायझियम, स्यूडोमोनास या रोगकिडींवर वापरायच्या बुरशी आणि जिवाणूंचं घर मात्र वेगळं: कीटकनाशक कायदा, १९६८. त्यांची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे करावी लागते. नव्या उत्पादनाला कलम ९(३ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, आधी कुणी नोंदवलेलं असेल तर ९(४) ची वाट आहे. नोंदणी हातात आल्यावरच राज्याचा उत्पादन परवाना. ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क वगैरे २०२१ पासून जैव उत्तेजकं म्हणून एफसीओतच, पण वेगळ्या तरतुदीखाली.

गोंधळ बहुतेक वेळा लेबलवर होतो. पीएसबीच्या पुड्यावर ‘मर रोगावर खात्रीशीर’ असं छापलं की खताचं कीटकनाशक झालं, आणि तेही बिगरनोंदणीचं. विक्री वाढावी म्हणून घातलेली ही एक ओळ महागात पडते. पीक, मात्रा आणि वापरायची पद्धत लिहा, रोगकिडीचं नाव लिहू नका.

  

उत्पादनाचा परवाना

महाराष्ट्रात जिवाणू खताच्या उत्पादनाचं प्रमाणपत्र पुण्याच्या कृषी आयुक्तालयातून, निविष्ठा व गुणनियंत्रण विभागाकडून मिळतं. अर्ज फॉर्म डी मध्ये, मिळणारं प्रमाणपत्र फॉर्म एफ मध्ये. सोबत शुल्क भरल्याची पावती, पॅन, आधार, जीएसटी आणि उद्योग नोंदणी जोडा. संस्था किंवा कंपनी असेल तर तिची नोंदणी आणि कोणाला सही करायचा अधिकार दिला त्याचा ठराव हवा. जागेसाठी सातबारा किंवा भाडेकरार. यंत्रसामग्रीची यादी, प्रयोगशाळेतल्या माणसाचं शैक्षणिक प्रमाणपत्र, मूळ संवर्धक (ज्यापासून पुढे जिवाणू वाढवायचे ते) कुठून घेतलं त्याचा पुरावा आणि लेबलचा मसुदा हेही तयार ठेवा. अर्जावरचं नाव, जागेच्या कागदावरचं नाव आणि जीएसटीवरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. त्रुटी निघून अर्ज परत येण्याचं हे सगळ्यात फालतू कारण आहे.

प्रयोगशाळा कागदावर दाखवून भागत नाही. एफसीओच्या कलम २१-अ नुसार उत्पादकाकडे किमान तपासणी सुविधा असलीच पाहिजे. जिवाणू खतासाठी ऑटोक्लेव्ह, लॅमिनार एअर फ्लो, इन्क्युबेटर, सूक्ष्मदर्शक आणि ते चालवणारा सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस हवा. खर्चाचा मोठा भाग इथेच जातो, आणि जाऊ द्यावा.

कारण मापदंड कडक आहेत. घन माध्यमातल्या रायझोबियम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टरच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. एक लाख पट सौम्य केलेल्या नमुन्यात दुसरा कुठला जिवाणू उगवता कामा नये. कारखान्यात पास झालेली बॅच मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिली तर पेशी मरतात आणि निरीक्षकाने घेतलेला नमुना अप्रमाणित निघतो. विक्री बंद आदेश येतो तेव्हा पुड्यावर नाव तुमचंच असतं, गोदाम कुणाचंही असो. म्हणून साठवणुकीचं तापमान लेबलवर छापा आणि विक्रेत्याला वेगळं सांगाही.

गांडूळखतात मोजायच्या गोष्टी वेगळ्या: ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८, नत्र १, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ०.८ टक्के. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांनाही मर्यादा आहे. पाचट, शेण आणि पालापाचोळा वापरणाऱ्याला जड धातूंची फारशी चिंता नसते. गावातला कचरा मिसळणाऱ्याने मात्र आधी तपासून घ्यावं.

विक्रीचा परवाना

उत्पादन आणि विक्री या दोन स्वतंत्र बाबी आहेत. विक्रीसाठीचं अधिकारपत्र जिल्हा पातळीवर मिळतं. किरकोळ विक्रेत्याकडे कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी, कृषी पदविका, नाहीतर कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र अशा संस्थेचं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागतं. सोबत प्रत्येक उत्पादकाचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे ओ फॉर्म. तुम्ही उत्पादक असाल तर तुमचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराला हा फॉर्म तुम्हीच द्यायचा. त्याच्या परवान्यावर तुमच्या कंपनीची नोंद होण्याआधी माल पाठवू नका.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आत करा. चुकलाच तर पुढच्या एका महिन्यात विलंब शुल्क भरून करता येतो. तोही गेला तर नव्याने अर्ज करावा लागतो.