परीक्षकाने आधीच लिहून दिलेलं मत

अमेरिकेतल्या पॉलिसी डिबेटमध्ये, म्हणजे सरकारी धोरणावरच्या दोन-दोघांच्या संघांच्या वादविवादात, फेरीआधीच दोन्ही संघ परीक्षकाचं 'पॅराडाइम' वाचून येतात. कोणता युक्तिवाद मी कसा तोलतो, बोलण्याचा किती वेग मला झेपतो, उत्तर न मिळालेला मुद्दा मी मान्य धरतो का, हे परीक्षकाने स्वतः लिहिलेलं असतं. आपल्या वादविवाद स्पर्धांत परीक्षकांचा कल बहुधा समारोपाच्या मनोगतातच कळतो. त्यामुळे ही रीत कुठून आली हे पाहण्यासारखं आहे.

१८९२ मध्ये हार्वर्ड आणि येल विद्यापीठं वादविवादात समोरासमोर आली. त्या काळच्या सामन्यांना न्यायाधीश, धर्मगुरू, प्राध्यापक अशी प्रतिष्ठित मंडळी परीक्षक म्हणून बसत. पण कौल कशावर द्यायचा? जी बाजू पटली तिला, की जो संघ चांगला वादला त्याला? १९१० च्या दशकात वक्तृत्वाच्या प्राध्यापकांमध्ये यावरून जोरदार वाद झाला. स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला लावणारी ही पद्धत थिओडोर रूझवेल्ट यांना मुळातच नापसंत होती. १९१३ च्या आत्मचरित्रात त्यांनी तसं लिहिलं आहे.

१९४७ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत नॅशनल डिबेट टुर्नामेंट ही महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. परीक्षकाची खुर्ची हळूहळू प्रशिक्षकांकडे आणि माजी स्पर्धकांकडे गेली. जुना निकष 'स्टॉक इश्यूज'चा: समस्या गंभीर आहे, चालू व्यवस्थेत ती सुटत नाही, आमच्या योजनेने सुटते, आणि योजना विषयाच्या चौकटीत बसते. यातला एक मुद्दा पडला तरी प्रस्तावाची बाजू हरली. १९६० आणि ७० च्या दशकांत बोलण्याचा वेग वाढला, पुराव्यांचे ढीग वाढले, काउंटरप्लॅन (प्रतिपक्षाने मांडलेली स्वतःची पर्यायी योजना) रुळला, आणि ही चौकट अपुरी पडू लागली. काही परीक्षक धोरणकर्त्याच्या भूमिकेतून दोन योजनांचे फायदे-तोटे तोलू लागले. वादविवादाचे अभ्यासक डेव्हिड झारेफ्स्की यांनी विषयाकडे वैज्ञानिक गृहीतकासारखं पाहायचं सुचवलं. प्रशिक्षक आल्फ्रेड स्नायडर यांनी डिबेट हा खेळच मानला. आणखी काहींनी 'मी कोरी पाटी, निकष तुम्हीच ठरवा' अशी भूमिका घेतली. मला ती कधीच पूर्ण पटली नाही, कारण दोन्ही संघ निकषावरच भांडले तर कोऱ्या पाटीलाही एक बाजू घ्यावी लागते.

१९९० च्या दशकात 'क्रिटिक' आलं आणि मतभेद खोलवर गेले. योजना बाजूला ठेवून प्रतिपक्षाच्या भाषेतली, विचारांतली गृहीतकंच तपासायची, असा हा युक्तिवाद. पुढे लुइव्हिल विद्यापीठाच्या संघांनी वेग नाकारला आणि तज्ज्ञांच्या अवतरणांच्या जोडीला स्वतःचे अनुभव आणि संगीत आणलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना हा खेळ बाहेर का ठेवतो, हा प्रश्न थेट फेरीत विचारला. २०१३ मध्ये एम्पोरिया स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय जोडीने याच वाटेने जाऊन नॅशनल डिबेट टुर्नामेंट आणि 'सीडा' (CEDA) ही दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदं एकाच वर्षी जिंकली.

इतके निकष एकाच वेळी नांदत असताना परीक्षकाने आपला निकष लपवणं अन्यायाचं ठरतं. आधी ही मतं छापील पुस्तिकेत येत, आता 'टॅबरूम' या संकेतस्थळावर असतात. मोठ्या स्पर्धांत संघ ती वाचून परीक्षकांची पसंतीक्रमाने यादी देतात, आणि दोघांच्या यादीत साधारण सारख्याच क्रमावर असलेला परीक्षक संगणक त्या फेरीला नेमतो. क्रिटिकवाला संघ आणि धोरणवाला संघ समोरासमोर आले, की दोघांच्याही यादीत मधोमध असलेला, कुणाचाच पहिला नसलेला परीक्षक बहुधा वाट्याला येतो.