रस्ता बंद व्हायच्या आधी : डायलिसिसवर असलेल्या आणि किडनी बसवलेल्या ग्राहकांसाठी पावसाळ्याची तयारी

नमस्कार,

आमच्या मेडिकलमधून किडनीची औषधं नेणाऱ्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे. डायलिसिसच्या दिवशी आमची ईको गाडी पेशंटना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. त्यामुळे कोणता रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) किती पावसात बुडतो, हे आम्हाला औषधांच्या नावांइतकंच पाठ झालं आहे. पत्रक घरात सगळ्यांना वाचून दाखवा. पुराच्या दिवशी धावपळ पेशंट करत नाही, घरचे करतात.

आभाळाकडे पाहून ठरवू नका

आपल्या भागात पूर दोन तऱ्हांनी येतो. एक, आपल्याकडेच धो-धो पाऊस पडून. पाल नदी चढली की आरमोरी-गडचिरोली रस्ता बंद होतो. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. दुसरा पूर फसवा असतो. पाऊस पडतो मध्य प्रदेशात, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटतं, आपल्याकडचं गोसीखुर्द धरण भरतं, ३३ दरवाजे उघडतात आणि खाली ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोलीकडे वैनगंगा फुगत येते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी हेच झालं. नदी फुगली की नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे चढतं. म्हणून गावात थेंबही नसताना गावाबाहेरचा रपटा पाण्याखाली जातो.

त्या पुरात आमचे एक जुने ग्राहक अडकले. डायलिसिस शुक्रवारी झालं होतं, पुढची पाळी सोमवारची. शनिवारी आम्ही फोन केला की आजच चला, तर म्हणाले, "सोमवारी पाहू जी, अजून वेळ आहे." रविवारी रस्ता गेला. बुधवारी त्यांना डोंग्यातून काढलं तेव्हा धाप इतकी होती की आडवं होता येत नव्हतं. ते वाचले, पण कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात काढून. शनिवारी आपण आणखी जोर लावायला हवा होता, ही बोच आम्हाला अजून आहे. हे पत्रक त्यातूनच निघालं.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे : गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला, किंवा गावात दवंडी झाली, की पाळीची वाट पाहू नका. डायलिसिस केंद्राला फोन करून पाळी अलीकडे घेता येईल का विचारा आणि रस्ता चालू असताना निघा. २०१२ साली अमेरिकेत सँडी वादळ धडकण्याआधी न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या बऱ्याच केंद्रांनी पेशंटना आधीच बोलावून डायलिसिस करून घेतलं होतं. पुढे पाहणी झाली, तेव्हा या पेशंटमध्ये इमर्जन्सीत जाण्याचं, भरती होण्याचं आणि महिनाभरात दगावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं. अमेरिकेतली केंद्रं स्वतः बोलावतात. आपल्याकडे फोन आपल्यालाच करावा लागतो, एवढाच फरक.

जिल्ह्याच्या ठिकाणी नात्यातलं कुणी राहत असेल, तर जूनमध्येच त्यांच्याशी बोलून ठेवा : "पाणी आलं तर आठवडाभर तुमच्याकडे येऊ." आयत्या वेळी विचारायला माणूस संकोचतो आणि त्या संकोचात एक दिवस जातो.

एक गोष्ट घरच्यांना माहीत असावी. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात आणि त्यात सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी वापरलं जातं. म्हणजे केंद्रापर्यंत पोचलात तरी तिथे वीज नसली, टँकर आला नसला, तर मशीन चालत नाही. पूर आला असेल तर निघण्याआधी केंद्र चालू आहे का, ते विचारून घ्या. बंद असेल तर दुसरं केंद्र शोधावं लागेल, आणि तिथे लागतात कागद.

कागदांची पिशवी

नव्या केंद्रातला टेक्निशियन तुम्हाला ओळखत नाही. तो पहिला प्रश्न विचारेल कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीच्या रिपोर्टचा. बी आणि सीच्या पेशंटसाठी मशीन वेगळं ठेवतात, म्हणून रिपोर्टशिवाय बसवताना सगळेच अडतात. मग तुमचं ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) किती, आठवड्यातून किती वेळा आणि किती तास, डायलायझर (मशीनची रक्त गाळणारी जाळी) कोणता, हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) किती, शेवटचं डायलिसिस कधी झालं, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, हे विचारेल. हे सगळं एका कागदावर केंद्रातून लिहून आणा. सोबत आधार, रेशन कार्ड आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, योजनेचं काम तोच पाहतो.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी उंचावर. फोटो काढून मुलाच्या, जावयाच्या आणि आमच्या दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. घरातला फोन भिजला तरी एक प्रत कुठेतरी राहते.

डायलिसिस चुकलंच तर काय खायचं

हा भाग आम्ही मुद्दाम लांब लिहिला आहे, कारण चुका इथेच होतात आणि त्या मायेपोटी होतात. पेशंट अशक्त दिसतो म्हणून कुणी नारळपाणी आणतं, कुणी संत्री सोलून देतं. मदतीच्या पाकिटात केळी, चिवडा, फरसाण असतं. निरोगी माणसाला हे सगळं चांगलं. डायलिसिसच्या पेशंटला मात्र यातलं जवळजवळ काहीच चालत नाही.

कारण समजून घ्या. खाण्यातलं पोटॅशियम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी बंद असेल तर ते फक्त मशीनवर निघतं. मशीन चुकलं की ते रक्तात साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. कधी पाय गळाल्यासारखे होतात, छातीत धडधड होते, नाडी अडखळते. कधी काहीच कळत नाही आणि हृदय एकदम बंद पडतं. म्हणून "बरं वाटतंय ना, मग खाऊ द्या" हा हिशेब इथे चालत नाही.

रस्ता बंद झाला आणि पाळी चुकणार असं दिसलं, की त्याच दिवसापासून खाणं आवळा. आपल्या भागात भात मुख्य, ही इथे सोयीची गोष्ट आहे. पांढरा भात, मुरमुरे, साबुदाणा, रवा, थोडं तूप किंवा तेल, साखर, साधी बिस्किटं यांवर दोन-तीन दिवस निघतात. फळ द्यायचंच तर सफरचंदाच्या दोन-चार फोडी. वरण अगदी थोडं. भाजी करायची तर बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मग नव्या पाण्यात उकडून तेही पाणी फेका. संत्रा, मोसंबी, केळी, आंबा, पेरू, नारळपाणी, टमाटर, बटाटा, पालक, सुकामेवा, गूळ, यांना त्या दिवसांत हात लावू नका. कमरख (स्टारफ्रूट) तर किडनीच्या पेशंटनं कधीच खाऊ नये, त्यातलं विष मेंदूवर जातं. लोणचं, पापड, फरसाण बंद, कारण मिठानं तहान लागते आणि तहानेनं पाणी जास्त प्यायलं जातं. बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ घरात ठेवूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

पाणी, चहा, दूध, वरण, भाताची पेज, सगळं धरून दिवसाला साधारण अर्धा लिटर. एक बाटली सकाळी भरून ठेवा, तोंडातून जे पातळ जाईल तेवढं पाणी त्यातून ओतून टाका, म्हणजे हिशेब राहतो. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचं प्रमाण वेगळं असू शकतं. ते आणि एकूणच हा आहार आपल्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. हा फक्त अडचणीच्या दिवसांचा आहार आहे, रोजचा नाही.

पूरग्रस्तांच्या शिबिरात ओआरएसची पाकिटं सरसकट वाटतात. त्यात पोटॅशियमही असतं आणि मीठही. वाटणाऱ्या ताईंना सांगा की डायलिसिसचा पेशंट आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही.

शुगर असलेल्यांसाठी वेगळी सूचना : साखर वाढवू नका, पण शुगर एकदम उतरली तर संत्र्याचा रस नको, साधी साखर किंवा ग्लुकोज द्या.

काही पेशंटना डॉक्टर पोटॅशियम उतरवणारी पावडर लिहून देतात. तुम्हाला लिहून दिली असेल तर जूनमध्येच घेऊन ठेवा आणि कधी, किती घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

धाप लागली, आडवं झोपवेना, पाय लुळे पडले, नाडी अडखळली, तर खाण्यापिण्याचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. रस्ता नसेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ किंवा ११२, आणि तलाठी, पोलीस पाटील यांना कळवा. बोलताना "आजारी आहे" एवढंच म्हणू नका. "डायलिसिसचा पेशंट आहे, इतके दिवस डायलिसिस झालं नाही" असं म्हणा. बोट एकच असेल तेव्हा आधी कोणाला काढायचं, हे त्या एका वाक्यावर ठरतं.

हात आणि नळी

फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं शीर जोडलेल्या) हाताला धरून डोंग्यात ओढू नका, त्या हातानं सामान उचलू नका, त्या हातात सलाईन किंवा बीपीचा पट्टा लावू देऊ नका. रोज बोट ठेवून थरथर लागते का पाहा. थांबली असेल तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. सुईच्या जागेतून रक्त यायला लागलं तर बोटानं नेमकं तिथेच घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि मदत बोलवा. मानेत किंवा छातीत नळी असेल तर तिला पुराचं पाणी लागता कामा नये, आणि तिची टोपणं केंद्राबाहेर कुणीही उघडायची नाहीत. मशीनवर असतानाच पळायची वेळ आली तर सुटायचं कसं, हे केंद्रातल्या टेक्निशियनकडून एकदा शिकून घ्या.

पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांनी दोन आठवड्यांच्या पिशव्या कोरड्या, उंच जागी ठेवाव्यात. रात्री मशीनवर करणाऱ्यांनी वीज गेल्यावर हातानं पिशवी बदलण्याची सवय आधीच करावी. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, तर ते इन्फेक्शन समजा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

ज्यांना किडनी बसवली आहे

तुमचं गणित डायलिसिसवाल्यांच्या उलट आहे. त्यांनी पाणी तोडायचं, तुम्ही पाणी कमी पडू द्यायचं नाही. एकाच घरात दोन्ही पेशंट असतील तर हा घोळ हमखास होतो.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, तुम्हाला जी दिली असतील ती, एकही पाळी चुकवायची नाही. शरीर बसवलेल्या किडनीला परकी समजतं, आणि त्या गोळ्याच शरीराला आवरून धरतात. जून ते सप्टेंबर घरात कायम एक महिन्याचा साठा असावा. डबा हवाबंद, स्वयंपाकघरात चुलीजवळ नको. टॅक्रोलिमसची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि दिवसातून एकदा घ्यायची व दोनदा घ्यायची ही दोन औषधं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पुरात दुसऱ्या दुकानातून घ्यावी लागली तर जुनं रिकामं पाकीट सोबत न्या.

जुलाब लागले तर "होतील कमी" म्हणून थांबू नका. जुलाबात टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं आणि पाणी घटल्यानं किडनीला दुहेरी मार बसतो. गोळी घेतल्याबरोबर उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. पाणी उकळूनच प्या, कापून ठेवलेलं कच्चं खाऊ नका. पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढायला तुम्ही जाऊ नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच चिखलातून अंगात शिरतात, आणि तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका, कुणाची जडीबुटीही नको. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, रिफॅम्पिसिनसारखी औषधं टॅक्रोलिमसचं प्रमाण बिघडवतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य : "मला किडनी बसवली आहे." आमच्याही काउंटरवर नवा मुलगा असेल, तरी हेच वाक्य आधी सांगा.

आम्ही काय करू

रक्त वाढवायची इंजेक्शनं, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि गोठली तर वाया जातात. वीज वारंवार जाते त्या गावांतल्या ग्राहकांनी ती आमच्याच फ्रीजमध्ये ठेवावीत. फ्रीज इन्व्हर्टरवर आहे. डब्यावर नाव लिहून ठेवू, पैसे नाही घेणार.

डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नाव नोंदवलं की पावसाळ्यातला तुमचा महिन्याचा साठा आम्ही बाजूला काढून ठेवतो. संपायच्या आठ दिवस आधी फोन करा. पुराचा इशारा आला की गाडी ठरलेल्या दिवसाआधी सोडतो आणि नोंदवलेल्या प्रत्येक घरी फोन करतो. आता उत्तर "सोमवारी पाहू" आलं, तर दुसऱ्यांदा फोन करू, तिसऱ्यांदाही करू. राग मानू नका.

दुकानाचा आणि गाडीवाल्याचा नंबर पावतीवर छापलेला आहे. कागदांची पिशवी घेऊन १५ जूनच्या आत एकदा दुकानात या. काय कमी आहे ते दोघं मिळून पाहू आणि झेरॉक्स इथेच काढून देऊ.