सावकाश होऊ द्या: हौशी रेडिओत नवख्याला सांभाळून घेण्याच्या रिवाजामागची गोष्ट

रविवारी सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशींच्या लहरींवर, एक नवीन कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) ऐकू येतं. ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री...’ एवढं म्हणून आवाज अडखळतो. घाबरून त्याने माइकचं बटण दाबून धरलंय आणि बोलायचंच विसरलाय, त्यामुळे काही क्षण सगळ्या बँडला त्याच्या घरातला पंखा आणि कुकरची शिटी ऐकू येते. मग कुणीतरी जुना गडी शांतपणे म्हणतो, ‘गुड मॉर्निंग ओएम, यू आर फाइव्ह नाइन. पहिलाच क्यूएसओ का? सावकाश होऊ द्या.’ क्यूएसओ म्हणजे हवेतली गाठभेट, आणि फाइव्ह नाइन म्हणजे सिग्नल एकदम खणखणीत. तो खरं तर फाइव्ह फाइव्हच्या वर नसतो. पण पहिल्या दिवशी कोण कुणाला खरा रिपोर्ट देतं!

‘ओएम’ म्हणजे ओल्ड मॅन. समोरचा आठवीतला पोरगा असला तरी तो पहिल्या दिवसापासून ओल्ड मॅन. आणि सत्तरीतल्या आजीबाई असल्या तरी त्या ‘वायएल’, म्हणजे यंग लेडी. वय, हुद्दा, शिक्षण दारातच काढून ठेवायचं आणि आत यायचं, असा हा रिवाज. पण तो आपोआप पडलेला नाही. नवख्याला हिडीसफिडीस करण्याची परंपरा या छंदात तितकीच जुनी आहे, किंबहुना थोडी आधीची.

‘हॅम’ हा शब्दच घ्या. रेडिओ येण्यापूर्वी अमेरिकेतल्या तारऑफिसांत कच्च्या, चुका करणाऱ्या तारवाल्याला पक्के तारवाले हॅम म्हणायचे. पुढे घरगुती ठिणगी-ट्रान्समीटर घेऊन हवेत गोंगाट करणारी पोरं आली, तेव्हा धंदेवाईक ऑपरेटरांनी हीच शिवी त्यांना चिकटवली. पोरांनी ती अंगाला लावून घेतली आणि बिल्ल्यासारखी मिरवली. आज जगभरचे हौशी ज्या नावाने ओळखले जातात ते मुळात ‘नवशिक्या’ या अर्थाचं आहे, हे मला फार गमतीचं वाटतं. नवख्यावर खेकसणाऱ्या बुजुर्गांना मी अधूनमधून याची आठवण करून देतो.

१९१२ साली अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला आणि हौशींना दोनशे मीटर व त्याखालच्या तरंगलांबींवर ढकलण्यात आलं. त्या लहरी कुचकामी आहेत अशी तेव्हाची समजूत होती, त्यामुळे ही मंडळी आपोआप संपतील असा हिशेब असावा. झालं उलटंच. १९१४ साली हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्झिम यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली, पुढच्या वर्षी ‘क्यूएसटी’ मासिक सुरू झालं आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये याच कुचकामी लहरींवरून, साधारण ११० मीटरवर, अमेरिकेतले फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधल्या नीसचे लिऑन डेलॉय यांनी अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी संवाद साधला.

गंमत अशी की याच मॅक्झिमसाहेबांनी ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने क्यूएसटीत घाणेरडं ऑपरेटिंग करणाऱ्यांवर आसूड ओढले. ‘वूफ-हाँग’ नावाचं शिक्षेचं एक काल्पनिक हत्यार त्यांनी कथांमध्ये आणलं. बेशिस्त ऑपरेटरवर ते कसं चालवायचं याचा तपशील वाचकांनी आपापल्या मनाने भरायचा. पुढे तसं लाकडी हत्यार खरोखरच तयार झालं, ते लीगच्या न्यूइंग्टन इथल्या मुख्यालयात जपून ठेवलंय. हा ओल्ड मॅन म्हणजे मॅक्झिमच, हे १९३६ साली ते वारल्यावर जाहीर झालं. म्हणजे एकाच माणसाने नव्या पोरांसाठी संघटना बांधली आणि त्यांच्यासाठी छडीही ठेवली. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांची आठवण यावी असाच हा प्रकार.

छडीची बाजू जरा जास्त झाली म्हणून असेल किंवा काय, १९२८ साली पॉल सीगल या अमेरिकन हौशीने हौशींसाठी एक आचारसंहिता लिहिली. त्यात सहा गुण आहेत. त्यातला मैत्रीचा गुण सांगताना त्यांनी मोघम बंधुभावावर वेळ घालवला नाही. समोरच्याने विनंती केली तर सावकाश आणि धीराने संदेश पाठवावा, नवशिक्याला आपुलकीने सल्ला द्यावा, असं थेट लिहिलं. ‘सावकाश’ला तिथे फार मोल आहे. मोर्सच्या, म्हणजे टिंबं आणि रेघांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरएस’ म्हणजे हळू पाठवा. समोरचा मिनिटाला पाच शब्दांनी पाठवत असेल तर पंचवीसने पाठवणाऱ्याने पाचवर यायचं, हा अलिखित नियम. मला विचाराल तर नवख्याचं स्वागत म्हणजे मुळात एवढंच. बाकीचं सगळं त्याच्यावरचं नक्षीकाम.

हाच नियम सरकारी पातळीवर आला तो १९५१ साली. अमेरिकेने ‘नॉव्हिस’ नावाचा परवाना काढला. मिनिटाला पाच शब्दांचं मोर्स, सोपी लेखी परीक्षा, ७५ वॅटची मर्यादा आणि क्रिस्टलने बांधलेली फ्रीक्वेन्सी. मुदत एक वर्ष, नूतनीकरण नाही. वर्षभरात वर चढा, नाहीतर घरी बसा. पण खरी हुशारी कॉलसाइनमध्ये होती. नॉव्हिसच्या कॉलसाइनमध्ये ‘एन’ हे अक्षर घातलेलं असायचं आणि वरची परीक्षा पास झाली की ते गळून पडायचं. शिकाऊ गाडीवरच्या ‘एल’च्या पाटीसारखंच. तो ‘एन’ कानावर पडला की पलीकडचा माणूस न सांगता हळू व्हायचा. जपानने १९५९ मध्ये याहून पुढची उडी मारली. मोर्स न येणाऱ्यालाही दहा वॅटवर बोलता येईल असा परवाना दिला. १९९०च्या दशकात तिथल्या हौशी केंद्रांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली.

शिकवणाऱ्याला मात्र बराच काळ नाव नव्हतं. मार्च १९७१च्या क्यूएसटीत रॉड न्यूकर्क यांनी आपल्या सदरात अशा अनाम गुरूंबद्दल लिहिलं आणि एका खऱ्या माणसाचं, एल्मर फ्रोहार्ट, डब्ल्यू९डीवाय, यांचं नाव घेऊन त्या सगळ्यांनाच ‘एल्मर’ म्हटलं. तेव्हापासून इंग्रजीत ‘तुझा एल्मर कोण?’ असं विचारतात. आपल्याकडे वेगळा शब्द लागलाच नाही. गुरू होताच.

आणि आपल्याकडे गुरूची गरज जास्त होती, कारण दार जास्त जड होतं. भारतातले पहिले हौशी अमरेंद्रचंद्र गुप्तू, कॉलसाइन २जेके, साल १९२१. त्याच वर्षी मुकुल बोस आले, २एचक्यू. म्हणजे दुसरा माणूस येईपर्यंत पहिल्याला या देशात बोलायला कुणी नव्हतं! १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानाधारक पन्नासच्या आतच होते, त्यातले बहुतेक ब्रिटिश लष्करी अधिकारी. १९३९ला युद्ध सुरू झालं, परवाने बंद झाले, यंत्रं पोलिसांत जमा करायचे हुकूम निघाले. तरी १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवलाच. त्याच्या ट्रान्समीटरमागे नरिमन प्रिंटर यांचं तांत्रिक डोकं होतं. नोव्हेंबरमध्ये धाड पडेपर्यंत तो जागा बदलत बोलत राहिला. घरातला ट्रान्समीटर काय करू शकतो हे राज्यकर्त्यांनी तेव्हा पाहिलं, आणि राज्यकर्ते बदलले तरी ती धास्ती फायलींमधून गेली नाही, असं माझं मत आहे.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला तोही महूच्या लष्करी सिग्नल शाळेत. १९५४मध्ये तो दिल्लीला जाऊन अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. १९७८च्या नियमांत श्रेणी ठरल्या: दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्द, पहिलीला बारा. परीक्षा पास झाली तरी पोलिस पडताळणी आणि मग वाट पाहणं. त्यात यंत्रं बाहेरून आणायची तर जकात भारी. १९८४ साली ती जकात माफ झाली आणि गर्दी वाढू लागली. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू२आरजी, याचा उपयोग झाला नसेल असं म्हणवत नाही.

माझ्यासारख्या कित्येकांनी ‘हॅम’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तो त्सुनामीच्या वेळी. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी डिसेंबर २००४मध्ये जगभरच्या हौशींशी बोलायला अंदमानात गेले होते. २६ तारखेला लाट आली, फोन गेले आणि त्यांच्या रेडिओवरून नातेवाइकांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. बातमी वाचून मी विचारत विचारत पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या दारात उभा राहिलो. या काकांनी आत घेतलं, चहा दिला आणि मोर्सचा तक्ता मागितल्यावर तो द्यायला साफ नकार दिला. टिंबं आणि रेघा पाठ केल्यास की संपलास, म्हणाले. टेबलावर चमच्याने वाजवून दाखवलं: डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. ‘हे सी आणि क्यू. मोजू नकोस. तबला ऐकताना तिरकिटातल्या टिचक्या मोजतोस का? बोल आहे तो, आख्खा कानात जाऊ दे.’ पुढचे तीन महिने मी बसमध्ये दुकानांच्या पाट्या तोंडाने मोर्समध्ये वाजवत होतो. शेजारचे जागा बदलून बसायचे. परवाना हातात पडायला नंतर वर्षाहून जास्त लागलं, आणि त्या काळात काका दर पंधरा दिवसांनी फोन करून ‘आलं का पत्र?’ म्हणून विचारत राहिले. मी टिकलो तो त्या फोनमुळे.

ज्या मोर्सवर मी एवढा घाम गाळला त्याची सक्ती तोवर जगातून उठायलाही लागली होती. २००३च्या जिनिव्हातल्या जागतिक रेडिओ परिषदेने ती देशांच्या मर्जीवर सोडली. ब्रिटनने त्याच वर्षी काढली, अमेरिकेने फेब्रुवारी २००७मध्ये पूर्णपणे. आपल्याकडे पुढे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड अशा दोनच श्रेणी उरल्या. बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते आणि रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. यावर जुन्यांची कुरकूर अजून चालते. ‘आम्ही बारा शब्द काढले, ही पोरं नुसती पाठांतर करून येतात.’ मला या तक्रारीत वूफ-हाँगचा खणखणाट ऐकू येतो. शिवाय गमतीची गोष्ट म्हणजे सक्ती गेल्यावर मोर्स मेलं नाही. आता ते हौसेने शिकतात आणि हौसेने शिकलेलं कानाला जास्त गोड लागतं.

दाराची जाडी नियमांनी कमी झाली, तशी खिशाची अडचण सोडवली हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी. त्यांच्या ‘बिटएक्स’ ट्रान्सीव्हरची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या एकत्र यंत्राची, आखणी इथल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांवर केलेली. कॉइल गुंडाळायला नळाचं वॉशरसुद्धा चालेल, असा हिशेब. परदेशी रिग, म्हणजे तयार सेट, घेणं ज्याला परवडत नव्हतं त्याला सोल्डरिंग गन घेऊन बसायला निमित्त मिळालं. आराखडा त्यांनी जगाला फुकट दिला आणि तो परदेशातल्या हौशींनीही बनवला.

माझा पहिला बिटएक्स मात्र काही केल्या बोलेना. काकांच्या टेबलावर आम्ही दोन रविवार घालवले. शेवटी बालून नावाच्या गुंडाळीची एक तार उलटी गुंडाळलेली सापडली. ‘माझ्याही पहिल्या सेटमध्ये हेच झालं होतं,’ काका म्हणाले. ते खरं होतं की पहिल्या दिवशीच्या फाइव्ह नाइनसारखं, हे मी कधी विचारलं नाही.