मानवी प्रतिरूपण, संगणकीय : रुग्णसेवेतील उपयोग

रुग्णालयातील पलंग, शस्त्रक्रियेचे टेबल, सोनोग्राफी यंत्र अशा साधनांपाशी काम करताना परिचारिका, शल्यचिकित्सक व तंत्रज्ञ यांच्या शरीरावर येणारा ताण अजमावण्याची पद्धती. त्या जागेच्या त्रिमितीय आराखड्यात संगणकीय मानवाकृती उभी करून हात कोठवर पोहोचतो, नजर कोठे पडते, कंबर किती वाकते हे तपासतात. आकृतीची मापे मानवमितीय (मानवी शरीराची मापे घेणाऱ्या) सर्वेक्षणांतून घेतात.

या पद्धतीच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. बोइंग कंपनीत विल्यम फेटर यांनी वैमानिककक्षाच्या आराखड्यासाठी काढलेली संगणकीय आकृती पहिली मानण्याचा प्रघात आहे. तिचे साल बहुधा १९६४ असे देतात. परंतु तिचा उपयोग मुख्यतः चित्रणापुरता होता. वैमानिकाचा हात नियंत्रण-कळांपर्यंत पोहोचतो की नाही हे गणिताने ठरवणारे ‘बोमन’ हे प्रतिरूप त्याच कंपनीत दशकाच्या अखेरीस आले आणि साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात ‘सॅमी’ या प्रणालीचे काम सुरू झाले. मूल्यमापन हा निकष धरल्यास आरंभ या दोहोंपासून मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या गटाने ‘जॅक’, तर जर्मन मोटार उद्योगासाठी तेथील संशोधकांनी ‘रॅमसिस’ हे प्रतिरूप विकसित केले. विमान आणि मोटार या दोन्ही क्षेत्रांत माणूस आसनावर बसलेला आणि भोवतालची यंत्रणा जागच्या जागी असते. रुग्णसेवेत यातले काहीच गृहीत धरता येत नाही.

मणक्यावरील भारासाठी मिशिगन विद्यापीठाची त्रिमितीय स्थितिक (शरीर स्थिर धरून हिशोब करणारी) बल प्रणाली बरीच वापरली जाते. पाचवा कटिमणका (कंबरेचा मणका) व त्रिकास्थी (त्याखालचे हाड) यांच्यामधील चकतीवरचा दाब ३,४०० न्यूटनच्या आत असावा, ही मर्यादा अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८१ मध्ये सुचवली. याच संस्थेच्या १९९१ च्या सुधारित उचल-सूत्रात (किती वजन उचलावे हे ठरवणाऱ्या सूत्रात) आदर्श स्थितीतील कमाल वजन २३ किग्रॅ. आहे, पण वस्तू स्थिर असावी ही त्याची अट असल्याने ते रुग्णाला लागू करत नाहीत. त्याच संस्थेतील संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताळण्यासाठी ३५ पौंड (सु. १६ किग्रॅ.) ही मर्यादा मांडली. त्यापुढे उचल-यंत्र वापरावे, असे त्यांचे मत. शरीरस्थितीला गुण देणाऱ्या पद्धतींपैकी ‘रेबा’ (हिग्नेट व मॅकअ‍ॅटॅम्नी, २०००) आरोग्यसेवेतील अनपेक्षित शरीरस्थिती विचारात घेऊन बेतलेली असल्याने येथे ‘रुला’पेक्षा (१९९३) अधिक जुळते.

खरी अडचण रुग्णाच्या प्रतिरूपणात आहे. तो मध्येच परिचारिकेचा हात धरतो, घसरतो, अंग ताठ करतो, कधी स्वतः जोर लावून मदतही करतो. बऱ्याच अभ्यासांत त्याच्याऐवजी हातांवर एक ठरावीक बल लावून भागवतात. त्यातून मिळणारा आकडा दिसतो तितका नेमका नसतो. शिवाय आकृतीची शरीरस्थिती माउसने अंदाजे बसवली, तर गुणांकही अंदाजेच येतो. त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या हालचाली टिपून त्या प्रतिरूपाला पुरवणे श्रेयस्कर. ‘अ‍ॅनीबॉडी’ व ‘ओपनसिम’ ही स्नायू-अस्थींची प्रतिरूपे अशाच नोंदींवर चालतात.

दुर्बिणीद्वारे करायच्या शस्त्रक्रियेत उपकरणांच्या दांड्या लांब असल्याने कोपरे वर उचलली जातात, म्हणून टेबल नेहमीपेक्षा खाली घ्यावे लागते. एकाच टेबलाशी उंच व ठेंगणे दोघेही उभे असतील, तर कोणाची गैरसोय किती हे प्रतिरूपाने आधीच दिसते. मात्र तासन्‌तास त्याच स्थितीत उभे राहण्याचा थकवा स्थितिक गुणांकात पुरेसा उतरत नाही. नव्या इमारतीच्या आराखड्यात, म्हणजे स्नानगृहाची रुंदी, पलंगाशेजारची जागा, उचल-यंत्र वळवण्यास लागणारे अंतर या बाबतींत ही पद्धती सर्वाधिक भरवशाची आहे.

संगणकीय मानवाकृतींविषयी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १५५३६ ही मानके आहेत. रुग्ण हाताळण्याविषयी आयएसओचा १२२९६ हा तांत्रिक अहवाल २०१२ मध्ये निघाला. मापांचा प्रश्न उरतोच. अनेक प्रणालींतील मापे अमेरिकी सैनिकांच्या १९८८ च्या सर्वेक्षणावर आधारलेली आहेत, तर परिचर्येत स्त्रिया बहुसंख्य असून त्यांत मध्यमवयीनही पुष्कळ असतात.